शर्यतीची मोटार आणि विम्याचा कागद

विमा उतरवायचा तो अनिश्चित गोष्टीचा, हा विमाशास्त्राचा पहिला धडा. घराला आग लागेलच असे नाही. पण लागली तर माणूस उघड्यावर येतो. म्हणून हजार घरे थोडेथोडे पैसे एकत्र ठेवतात आणि ज्याचे जळेल त्याला त्यातून देतात. आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे तत्त्व दोन परिच्छेदांत उरकले आहे. ते वाचताना माझ्या मनात एक शंका आली. ज्या मोटारी मुद्दाम धोक्यात घालण्यासाठीच बांधलेल्या असतात, ज्यांचे चालक ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने एकमेकांच्या अगदी जवळून जातात, त्यांचे काय? त्यांचा विमा कोण उतरवीत असेल, आणि कोणत्या हिशेबाने? शंका वरवर गमतीची होती. पण तिचा माग काढता काढता मी इंग्लंडमधील ब्रुकलँड्सपासून स्लोव्हेनियातील एका शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत गेले, आणि तेथून आमच्या गावच्या जत्रेत येऊन पोचले.

प्रथम आपल्या नेहमीच्या मोटारीचा विमा पाहू. त्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई हा एक भाग. यातला दुसरा माणूस म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘त्रयस्थ’. आपल्याच गाडीचे नुकसान हा दुसरा भाग. पहिला भाग सक्तीचा आहे. इंग्लंडमध्ये ही सक्ती 1930 च्या रस्ता वाहतूक कायद्याने आली. आपल्याकडे 1939 चा मोटार वाहन कायदा झाला. पण त्यातील विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात 1 जुलै 1946 पासून लागू झाले. आज 1988 चा कायदा आहे आणि सक्ती कायम आहे. दुसरा भाग मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

कोणाच्याही घरातील खाजगी मोटारीची पॉलिसी काढून पाहावी. तिच्यात गाडीच्या वापराच्या मर्यादा सांगणारे एक कलम असते. सहसा ते कोणी वाचत नाही. गाडी भाड्याने चालवली, मालवाहतुकीला लावली, तर विमा लागू नाही असे त्यात सांगितलेले असते, आणि त्याच ओळीत पुढे संघटित शर्यत, पेस-मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हेही बसवलेले असते. यांपैकी ट्रायल व रॅली यांच्यासाठी जादा हप्ता भरून पॉलिसीला एक पुरवणी जोडून घेता येते. शर्यतीसाठी मात्र नाही. रॅलीच्या पुरवणीतसुद्धा ‘शर्यत व वेगचाचणी वगळून’ असे पुन्हा एकदा बजावलेले असते.

कंपनीने आपल्या कागदावर काहीही लिहावे, कायदा ते मानतोच असे नाही. त्रयस्थाच्या बाबतीत तर कायदा विमा कंपनीचे हात बरेच बांधून ठेवतो. पॉलिसीची अट मालकाने मोडली म्हणून रस्त्यावर चिरडलेल्या माणसाला कंपनीने वाऱ्यावर सोडावे, हे कायद्याला मान्य नाही. कंपनीला आपला बचाव करता येईल अशी मोजकीच कारणे कायद्यात दिली आहेत. ती पूर्वी कलम 149 मध्ये होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 150 मध्ये आली. त्या मोजक्या कारणांत ‘संघटित शर्यत आणि वेगचाचणी’ हे एक आहे. म्हणजे पॉलिसीत शर्यत वगळलेली असेल आणि अपघात शर्यतीत झाला असेल, तर केवळ गाडीवाल्यालाच नव्हे, बघायला उभ्या असलेल्या माणसालाही कंपनी ‘आमचा संबंध नाही’ असे म्हणू शकते. सार्वजनिक जागी सरकारच्या लेखी परवानगीशिवाय शर्यत लावणे हा तर कलम 189 खाली गुन्हाच आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

मग शर्यतीच्या मोटारीचा विमा मुळी होतच नाही काय? होतो, पण तो वेगळ्या घरातला आहे. ज्या इंग्लंडमध्ये हा धंदा जुना आहे तेथील रीत सांगते.

तेथे शर्यतीच्या मोटारीचे आयुष्य दोन भागांत कापलेले आहे : ट्रॅकवरचे आणि ट्रॅकबाहेरचे. गंमत अशी की शर्यतीच्या मोटारीचा बहुतेक वेळ ट्रॅकबाहेर जातो. ती गॅरेजमध्ये असते, ट्रेलरवर चढवून गावोगाव नेली जाते, शर्यतीच्या ठिकाणी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करण्याच्या आवारात, उभी असते. या काळात तिला चोर नेऊ शकतो, आग लागू शकते, ट्रेलर उलटू शकतो. हे धोके कोणत्याही मौल्यवान मालाला असतात तसलेच. त्यामुळे साठवण, वाहतूक आणि पॅडॉक यांचा विमा त्या मानाने स्वस्तात मिळतो. सुटे भाग, जादा इंजिन, हत्यारे, खुद्द ट्रेलर, सगळे त्यात घालता येते. मोटार सरावासाठी, पात्रता फेरीसाठी किंवा शर्यतीसाठी ट्रॅकवर गेली की हा विमा थांबतो, आणि परत आली की पुन्हा चालू होतो.

ट्रॅकवरचा विमा वेगळा, महाग, आणि तो घेणारे थोडे. त्याचा हिशेब मला फार उद्बोधक वाटला. नेहमीच्या मोटारीची किंमत दर वर्षी घसारा धरून उतरवतात. शर्यतीच्या मोटारीला बाजारभाव असा नसतोच. कोणी ती हाताने बांधलेली असते, कोणाची साठ वर्षांपूर्वीची असते. म्हणून विमेदार आणि कंपनी आधीच बसून एक किंमत ठरवतात व ती कागदावर लिहितात. नुकसान झाले की पहिला मोठा वाटा मालकाने सोसायचा. समजा मोटारीची ठरलेली किंमत 20 लाख आहे आणि मालकाचा वाटा किमतीच्या दहा टक्के ठरला आहे. मग प्रत्येक अपघातात पहिले दोन लाख त्याच्या खिशातून जाणार. घासाघाशी, वाकलेला बंपर, फुटलेला दिवा यांसाठी त्याने कंपनीकडे जायचेच नाही. कंपनी उभी राहील ती मोटार भिंतीवर आदळून निम्मी झाली तर. आणि नुसते इंजिन फुटले, गिअरबॉक्स बसला, तर काहीच नाही. कारण शर्यतीत इंजिन फुटणे ही अनिश्चित गोष्ट नव्हे, ती झीज आहे. माझ्या शंकेचे अर्धे उत्तर मला येथे मिळाले. शर्यतीतही निश्चित काय आणि अनिश्चित काय हे विमेवाल्यांनी वेगळे करून ठेवले आहे. जे होणारच ते मालकाचे, जे क्वचित होते ते कंपनीचे.

याशिवाय एक नियम असा की एका मोटारीने दुसरीला धडक दिली तर शर्यतीतील स्पर्धक सहसा एकमेकांच्या गाडीची भरपाई मागत नाहीत. ज्याने त्याने आपापले सोसावे हा खेळाचा करारच मानला जातो. रस्त्यावर ज्या गोष्टीवरून हाणामारी होईल, तेथे ती खिलाडूपणे सोडून देतात. निदान कागदोपत्री तरी!

ट्रॅकची आणि रस्त्याची सरमिसळ झाली की गोंधळ होतो. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगचा उत्तरेकडील वळसा हे त्याचे नामी उदाहरण. जवळपास 20.8 किलोमीटरचा हा डोंगरातला ट्रॅक. शर्यत नसते त्या वेळी कोणीही टोल भरून आपली घरची मोटार त्यावर नेऊ शकतो. त्या वेळेपुरता तो एकेरी वाहतुकीचा टोल-रस्ता असतो आणि जर्मनीचे वाहतूक नियम त्याला लागू असतात. मग हा रस्ता म्हणायचा की ट्रॅक? शर्यत नाही, घड्याळ लावलेले नाही, म्हणून पूर्वी कित्येक चालक आपल्या साध्या पॉलिसीवर विसंबून जात. पुढे अनेक कंपन्यांनी आपल्या कागदात शर्यतीचे नाव न घेता ‘ट्रॅकवरील कोणतेही वाहन चालवणे’ अशा अर्थाची वगळणूक घातली. लोखंडी कठड्याला गाडी आदळली तर त्या कठड्याचे आणि गाडी ओढून नेण्याचे बिलही चालकाच्या हाती येते. हौसेला मोल नसते म्हणतात. येथे ते मीटरवर मोजून घेतात.

आतापर्यंत मोटारीचे झाले. माणसांचे काय, हा खरा प्रश्न.

ब्रुकलँड्स हा मोटारींच्या शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला ट्रॅक 1907 साली सुरू झाला. तेथे 1930 च्या मे महिन्यात दोन मोटारी एकमेकींना लागल्या, त्यांपैकी एक कठड्यावरून प्रेक्षकांत गेली आणि दोन माणसे मेली. एका जखमी प्रेक्षकाने क्लबावर दावा लावला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. पण अपील न्यायालयाने तो फिरवला. तेवीस वर्षांत असे कधी घडले नव्हते, क्लबाने वाजवी काळजी घेतली होती, आणि असल्या खेळात जो धोका अंगभूत आहे तो पाहणाऱ्याने पत्करलेला असतो, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. 1933 च्या निकालसंग्रहात हा खटला आहे आणि कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. 1955 साली फ्रान्समध्ये ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांवर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर स्वित्झर्लंडने तर ट्रॅकवरील शर्यतींवर बंदीच घातली.

याहून मला एक लहान खटला अधिक चटका लावून गेला. इंग्लंडमध्ये एका धर्मादाय निधीसाठी जुन्यापुराण्या मोटारींची शर्यत भरली होती. आपल्याकडच्या जत्रेसारखाच प्रकार. एक गृहस्थ स्वतः स्पर्धक होते. आपली फेरी नव्हती म्हणून घरच्या माणसांजवळ दोरीला लागून उभे होते. सुमारे एक तृतीयांश मैलावर एका मोटारीचे चाक कडेच्या दोरीत अडकले. चाक फिरत राहिले तशी दोरी त्याभोवती गुंडाळत गेली, ताणली गेली, आणि इकडच्या टोकाला खुंट्या उपटून निघाल्या. गृहस्थ हवेत फेकले गेले आणि त्या जखमांनी पुढे मरण पावले. साऱ्या दोऱ्या एकाच मुख्य खुंटीला बांधल्या होत्या, ही संयोजकांची चूक न्यायालयालाही दिसली. तरीही 1972 साली अपील न्यायालयाने बहुमताने विधवेचा दावा फेटाळला. का? तर ‘मोटारशर्यत धोक्याची आहे, अपघातास संयोजक जबाबदार नाहीत’ अशा पाट्या प्रवेशद्वारावर लावल्या होत्या. पुढे 1977 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही पळवाट मोठ्या प्रमाणात बंद झाली. धंदा म्हणून कार्यक्रम करणाऱ्याला आपल्या निष्काळजीपणातून झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी आता नुसत्या पाटीने झटकता येत नाही. त्यामुळे संयोजकाने सार्वजनिक दायित्वाचा विमा घेणे हे शर्यतीच्या परवान्याबरोबरच येऊ लागले.

आता स्लोव्हेनिया. 13 ऑगस्ट 2007 रोजी तेथील एका शेतावर गवताच्या गासड्या कोठारात चढवणे चालू होते. ट्रॅक्टरवाला अंगणात ट्रॉली मागे घेत होता. ट्रॉली शिडीला लागली आणि शिडीवर चढलेला माणूस खाली पडला. त्याचे नाव व्नुक. त्याने विमा कंपनीकडे 15,944.10 युरो मागितले. कंपनी म्हणाली, हा ट्रॅक्टर रस्त्यावर वाहन म्हणून चालत नव्हता, शेतीचे यंत्र म्हणून काम करीत होता. आमचा विमा वाहनाचा आहे. खालच्या न्यायालयांना ते पटले. प्रकरण शेवटी युरोपीय न्यायालयात गेले आणि 4 सप्टेंबर 2014 रोजी निकाल लागला : वाहनाच्या नेहमीच्या कामाशी सुसंगत असा कोणताही वापर सक्तीच्या विम्यात येतो, मग जागा खाजगी का असेना.

व्नुक यांच्या शिडीचा शर्यतीशी संबंध काय? फार मोठा. शर्यतीची मोटार ट्रॅकवर धावणे हाही तिचा नेहमीचाच वापर. मग प्रत्येक शर्यतीच्या मोटारीला, प्रत्येक स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाला केलेल्या इजेसाठीसुद्धा, सक्तीचा आणि अमर्याद विमा घ्यावा लागणार! असा विमा द्यायला बाजारात कोणी तयार नव्हते. ब्रिटनमधील शर्यतीच्या संघटना हादरल्या. हा खेळच बंद पडेल असे त्या सांगू लागल्या. ब्रिटिश सरकारनेही गणित मांडले की हा निकाल पाळायचा तर एकूण खर्च सुमारे दोन अब्ज पौंड येईल आणि साध्या मोटारवाल्याचा हप्ता वर्षाला सुमारे 50 पौंडांनी वाढेल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2022 साली तेथील संसदेने स्वतंत्र कायदा करून या निकालाचा परिणाम पुसून टाकला. युरोपीय संघानेही 24 नोव्हेंबर 2021 च्या निर्देशाने वाट काढली : आखून दिलेल्या बंद जागेतील शर्यत सक्तीच्या मोटार विम्यातून वगळता येईल, मात्र संयोजकाने प्रेक्षक व इतर त्रयस्थांसाठी दुसरा विमा घेतलेला असला पाहिजे. भाग घेणारे चालक आणि त्यांच्या मोटारी त्या दुसऱ्या विम्यात असल्याच पाहिजेत असे नाही.

हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, आणि त्याला कारण आहे.

माझे वडील ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर त्यांचा नाही, मालकांचा आहे. उसाच्या हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा आणि एरवी नांगरट, रोटर. आमच्या भागात जत्रेला ट्रॅक्टरच्या रिव्हर्सची पैज लागते. दोन चाकी ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर निशाणांच्या मधून मागे न्यायचा. निशाण पाडायचे नाही आणि वेळ कमीत कमी घ्यायची. ज्यांनी हे कधी केले नाही त्यांना त्यातले कसब कळायचे नाही. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावे लागते, आणि जरा जास्त फिरले की ट्रॉली मोडपते. आबा यात तरबेज आहेत. चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या पैजेत दुसऱ्या एका चालकाची ट्रॉली दोरीबाहेर गेली आणि बघायला उभ्या असलेल्या एका तरुणाचा पाय चाकाखाली आला. विम्याचे पैसे मिळाले नाहीत. पॉलिसी शेतीकामाची आहे, हे शेतीकाम नव्हे, असे उत्तर आले. आणि वकील करून पुढे झगडण्याची त्या घराची ताकद नव्हती. गावाने वर्गणी काढून ऑपरेशन केले. तो तरुण गवंडीकाम करायचा. आता पानपट्टीत बसतो.

कायद्याचा विचार केला तर अशा प्रकरणात तीन गोष्टी पाहाव्या लागतील असे मला वाटते. पहिली, जागा. जत्रेचे मैदान कोणाच्या खाजगी रानात असले तरी तेथे लोकांना मुक्त प्रवेश असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 1988 च्या निकालसंग्रहात आलेल्या एका निर्णयात ‘सार्वजनिक जागा’ या शब्दांचा अर्थ पुष्कळ व्यापक केला आहे. लोकांचा जेथे वावर होतो, मग तो हक्काने असो की कोणी नियंत्रित केलेला असो, अशा खाजगी जागाही तिच्यात येतात. तेव्हा जागेच्या मुद्द्यावर कंपनीला सुटणे कठीण. दुसरी, ही ‘संघटित शर्यत’ आहे काय? ट्रॅक्टर एकमेकांबरोबर धावत नाहीत आणि वेगही बैलगाडीहून जास्त नसतो. पण घड्याळ लावलेले असते, बक्षीस असते, कमिटी असते. कंपनीचा वकील याला शर्यत म्हणणारच. जखमीचा वकील कसबाची परीक्षा म्हणेल. तिसरी गोष्ट चालकाची. मालकाने स्वतः गाडी चालवताना त्याला इजा झाली तर 15 लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा पॉलिसीबरोबर असतो. पगारी चालकाला तो नाही. त्याला कामगार म्हणून जी भरपाई कायद्याने मिळते तेवढीच, आणि तीही तो कामावर असताना. जत्रेतील पैज हे काम आहे काय? मालकाने पाठवले तर काम, आणि स्वतःच्या हौसेने गेला तर हौस. आबांना मी हे विचारले तेव्हा ते म्हणाले, “मालक म्हणत्यात जा, म्हणून जातो. आणि मलाबी आवडतंय. आता ह्यातलं कुठलं लिवणार तुझा कायदा?”

मला उत्तर देता आले नाही. फॉर्म्युला मोटारीचे मालक, स्लोव्हेनियातील न्यायाधीश आणि लंडनमधील संसद या सर्वांनी मिळून ज्या प्रश्नावर इतकी वर्षे डोके खाजवले, तो त्यांनी उखळीच्या दगडावर बसून एका वाक्यात विचारला होता.

यंदाच्या जत्रेपूर्वी मी मालकांकडून पॉलिसी मागून आणली. कागद इंग्रजीत आहे. वापराच्या मर्यादांचे कलम मी आबांना मराठीत वाचून दाखवले आणि चालकासाठी वेगळा व्यक्तिगत अपघात विमा घेता येतो, कमिटीलाही कार्यक्रमापुरता सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळू शकतो, हे कमिटीच्या दोघा-तिघांना सांगितले. मालक चालकाच्या विम्याला कबूल झाले आहेत. कमिटीने ‘बघू’ म्हटले आहे. आबांनी मात्र विम्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा पुन्हा विचारले ते त्या इंग्लंडमधल्या दोरीबद्दल : खुंट्या किती अंतरावर होत्या, दोर एकच होता का, लोक दोरीपासून किती लांब उभे होते. जत्रेच्या आदल्या दिवशी ते चार पोरांना घेऊन मैदानावर गेले. दर दोन खुंट्यांमध्ये दोरीचा वेगळा तुकडा बांधला, आणि माणसांसाठी दुसरी दोरी त्याच्या मागे पंधरा पावलांवर लावली.